किमान वेतन ‘पुरेसं’ आहे हे ठरवायचं कसं? सगळ्या देशांना एकच फॉर्म्युला चालेल का?

आकडेमोड

मंडळी, वेगवेगळ्या देशांची किमान वेतनं शोधत बसलोय आणि जितकं वाचतोय तितका गोंधळ वाढतोय. लक्झेंबर्गमध्ये जानेवारी २०२५ ला महिन्याचं किमान वेतन २,६३८ युरो, बल्गेरियात ५५१. दोन्ही एकाच युरोपियन युनियनमध्ये. अमेरिकेत केंद्र सरकारचा ताशी दर २००९ पासून ७.२५ डॉलरवर गोठलेला, त्यात एक सेंटसुद्धा वाढ नाही. जर्मनीत २०१५ पर्यंत देशभराचं असं किमान वेतनच नव्हतं, ८.५० युरोपासून सुरू केलं आणि जानेवारी २०२६ पासून १३.९० झालं. आणि स्वीडन, डेन्मार्कमध्ये तर कायदाच नाही, तरी तिथला कामगार काही उपाशी मरत नाही.

म्हणजे जो तो आपापल्या मनाने चाललाय असंच दिसतं. मग युरोपियन युनियनचं २०२२ चं डायरेक्टिव्ह (सदस्य देशांना दिलेला निर्देश) सापडलं, त्यात सरळ लिहिलंय की मध्यक पगाराच्या ६० टक्के. (मध्यक म्हणजे सगळ्यांचे पगार चढत्या क्रमाने लावले तर बरोब्बर मधल्या माणसाचा पगार, सरासरी नव्हे.) मला हे एकदम पटलं. देश श्रीमंत असो की गरीब, टक्केवारी तीच, दरवर्षी मध्यक काढा, गुणाकार करा, जाहीर करा. निवडणुकीच्या तोंडावर घोषणा नको, संप नको, मालकांचं रडगाणं नको.

तर प्रश्न असा की आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) हाच नियम सगळ्या जगाला का लावत नाही? यात नेमकी अडचण कुठे आहे? जाणकारांनी जरा समजावून सांगा.

---

उंटावरचा

आधी ते युरोचे आकडे शेजारी शेजारी ठेवणं बंद करा, निम्मा गोंधळ तिथेच संपेल. लक्झेंबर्ग आणि बल्गेरिया यांच्यात युरोत बघितलं तर ४.८ पटीचा फरक दिसतो. पण राहणीचा खर्च हिशोबात घेऊन, म्हणजे क्रयशक्तीनुसार बघितलं तर युनियनमधल्या सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या देशातलं अंतर २.३ पटीच्या आसपास येतं. आणि गंमत म्हणजे जानेवारी २०२५ च्या त्या आकड्यांत सगळ्यात खाली बल्गेरिया नव्हता, एस्टोनिया होता, आणि वर लक्झेंबर्ग नाही तर जर्मनी.

आता ते ६० टक्के. डायरेक्टिव्हमध्ये ‘एवढं द्याच’ असं कुठेही नाही. ज्या देशात कायद्याने किमान वेतन आहे त्यांनी आपलं वेतन पुरेसं आहे की नाही हे तपासायला काहीतरी संदर्भमूल्य वापरावं, आणि त्याची उदाहरणं म्हणून मध्यकाच्या ६० टक्के किंवा सरासरीच्या ५० टक्के असं दिलंय. दर दोन वर्षांनी आकडा बदलायचा, आपोआप महागाईला जोडलेला असेल तर चार वर्षांनी आढावा चालतो. बस. बंधनकारक करणं शक्यच नव्हतं कारण युनियनच्या मूळ करारातच ‘वेतन’ हा विषय युनियनच्या अधिकाराबाहेर ठेवलाय. त्याच मुद्द्यावर डेन्मार्क युरोपियन युनियनच्या कोर्टात गेलं, स्वीडनने साथ दिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये निकाल लागला. बहुतेक डायरेक्टिव्ह टिकलं, पण वेतन ठरवताना अमुक अमुक निकष घ्याच अशी जी यादी होती ती कोर्टाने उडवली, आणि आपोआप जोडणीमुळे वेतन खाली येता कामा नये ही अटही उडवली. म्हणजे तुम्हाला जे एकदम पटलं ते युरोपलासुद्धा स्वतःच्या देशांवर लादता आलेलं नाही, आयएलओ जगावर कुठून लादणार!

आयएलओचा करार (कन्व्हेन्शन) आहे १९७० चा, क्रमांक १३१. त्यात टक्केवारी नाहीच. कामगार आणि त्याच्या कुटुंबाच्या गरजा, देशातले एकूण पगार, राहणीचा खर्च, सामाजिक सुरक्षा हे एका बाजूला, आणि उत्पादकता, विकासाची गरज, रोजगार टिकवणं हे दुसऱ्या बाजूला. दोन्ही बघा आणि मालक-कामगारांना विचारून ठरवा एवढंच. लोक याला गुळमुळीत म्हणतात. मला तो शहाणपणा वाटतो.

---

तिसरी_घंटा

६० टक्क्यांवाल्यांना माझा एकच प्रश्न असतो, मध्यक कुणाचा?

कोलंबिया बघा. तिथे किमान वेतन हे मध्यक पगाराच्या ९० टक्क्यांच्या आसपास आहे, ओईसीडीत (बहुतांशी श्रीमंत देशांची संघटना) सगळ्यात वर. अमेरिकेचं केंद्रीय वेतन जेमतेम पंचवीस-सव्वीस टक्के. मग काय कोलंबियाचा कामगार अमेरिकेतल्यापेक्षा सुखी? तिथे आकडा वर दिसतो कारण मध्यकच खाली आहे, आणि कामगारांचा मोठा हिस्सा असंघटित क्षेत्रात असल्यामुळे त्यांना ते किमान वेतन मिळतच नाही. ज्या देशात निम्म्याहून जास्त लोक कागदावर नोकरीतच नाहीत तिथे मध्यक पगार मोजणार कसा, आणि मोजलात तरी त्याचे ६० टक्के म्हणजे गरिबीचे ६० टक्के. टक्केवारी एवढंच सांगते की खालचा माणूस मधल्यापासून किती लांब आहे. मधलाच बुडालेला असेल तर काय करणार?

म्हणून जुनी पद्धत होती ती उलट्या टोकाकडून, गरजेपासून सुरुवात करायची. ऑस्ट्रेलियात १९०७ साली हार्वेस्टर निकाल लागला. शेतीची यंत्रं बनवणारा कारखाना होता, मालक कामगारांना ‘रास्त’ पगार देतो का असा वाद, आणि न्यायमूर्ती हिगिन्स यांनी बाजारात काय दर चाललाय ते विचारात न घेता सुसंस्कृत समाजात माणूस म्हणून जगायला काय लागतं ते विचारलं. नवरा, बायको, तीन मुलं धरून दिवसाला ७ शिलिंग. ज्या कायद्याखाली हा वाद आला तो कायदाच पुढच्या वर्षी हायकोर्टात रद्द झाला पण ते माप कित्येक वर्षं टिकलं. अर्थात त्यात खोट होतीच, कुटुंब पोसणारा म्हणजे पुरुष हे गृहीतच धरलेलं, त्यामुळे बायकांचा मूळ पगार पुढे ५४ टक्क्यांवर बसवला गेला आणि हे सगळं निस्तरायला १९७० चं दशक उजाडलं.

भारतात १९५७ च्या पंधराव्या श्रम परिषदेने तसंच केलं. एका कमावत्यामागे तीन उपभोग घटक (खाणारी तोंडं मोजायचं माप, प्रौढाचा एक, मुलांचा त्याहून कमी), माणशी २,७०० कॅलरी, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, आणि इंधन-दिवाबत्ती-किरकोळ यासाठी २० टक्के. १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टाने शिक्षण, औषधपाणी, लग्नकार्य, म्हातारपण यासाठी आणखी २५ टक्के धरा असं सांगितलं. एवढं सुंदर माप हाताशी असून केंद्राचा तळाचा दर २०१७ मध्ये रोजचे १७६ रुपये, आणि सरकारनेच नेमलेल्या समितीने २०१९ मध्ये ३७५ सुचवले ते फाईलमध्ये. माप असणं वेगळं आणि ते वापरणं वेगळं.

---

रिकामटेकडी

मग सोपं आहे ना, गरजेचा आकडा काढा, ६० टक्क्यांचा काढा, दोन्हीतला मोठा तो द्या. पुढचा धागा काढा आता 😄

---

तिसरी_घंटा

@रिकामटेकडी हसू नका, एका अर्थी असा प्रयत्न झालाय. आशिया फ्लोअर वेज म्हणून कामगार संघटनांची आघाडी आहे, कपडे शिवणाऱ्या देशांतली. त्यांचं म्हणणं असं की बांगलादेशाने पगार वाढवला की ब्रँड म्हणणार चला कंबोडियात, कंबोडियाने वाढवला की आणखी कुठे, म्हणून सगळ्यांनी एकदमच वाढवा. एक काल्पनिक चलन धरलं, क्रयशक्तीवर बेतलेलं, तीन उपभोग घटक आणि ३,००० कॅलरी, आणि त्यातून प्रत्येक देशाचा आकडा त्या त्या चलनात. सरकारकडे नाही, थेट ब्रँडकडे मागायचा, कारण शिलाईची मजुरी हा दुकानातल्या किमतीचा अगदी छोटा भाग असतो. कल्पना म्हणून मला ही आजवरची सगळ्यात चोख वाटते. पण ब्रँडवर बंधन कुठलं? २०२३ मध्ये बांगलादेशात कामगार २३,००० टका मागत होते, आंदोलनात माणसं मेली, आणि वेतन बोर्डाने ८,००० वरून १२,५०० केले. तेही पाच वर्षांनी.

---

धंदेवाईक

सगळे मागणाऱ्यांच्या बाजूने लिहितायत, देणाऱ्याकडून कुणीतरी लिहावं म्हणून हा प्रतिसाद.

एकच आकडा वेगवेगळ्या अर्थव्यवस्थांवर टाकला की काय होतं याचं जिवंत उदाहरण अमेरिकन सामोआ. पॅसिफिकमधला छोटा बेटसमूह, अमेरिकेच्या ताब्यातला, खाजगी रोजगार म्हणजे मुख्यतः टूना मासा डबाबंद करणारे कारखाने. तिथे वेगळा, कमी दर चालायचा, कारखान्यात ३.२६ डॉलर. २००७ मध्ये अमेरिकन काँग्रेसने ठरवलं की दरवर्षी ५० सेंट वाढवत मुख्य भूमीच्या बरोबरीला आणायचं. तीन वाढी झाल्या आणि २००९ मध्ये दोन मोठ्या कारखान्यांपैकी एक बंद पडला, इतक्या लहान बेटावर एका झटक्यात दोन हजारांच्या घरात नोकऱ्या गेल्या. नंतर त्याच काँग्रेसने पुढच्या वाढी लांबणीवर टाकल्या. जागतिक मंदी, आयात शुल्काच्या सवलती ही कारणंही होतीच, सगळं खापर वेतनावर फोडत नाही, पण मॅनहॅटनला न जाणवणारी वाढ बेटाला बुडवू शकते हे खरं.

दक्षिण कोरियाचंही बघा. २०१८ मध्ये १६.४ टक्के, २०१९ मध्ये १०.९ टक्के वाढ. तिथे स्वयंरोजगारवाले खूप, छोटं दुकान नवरा-बायको आणि एक अर्धवेळ पोरगा असं चालवणारे. वाढीचा फटका मोठ्या कंपन्यांना नाही, यांना बसला, म्हणजे भांडण गरीब विरुद्ध श्रीमंत न राहता गरीब विरुद्ध थोडा कमी गरीब असं झालं. २०२० पर्यंत १०,००० वॉन करू असं वचन होतं, राष्ट्राध्यक्षांना माफी मागावी लागली, १०,००० चा टप्पा २०२५ मध्ये ओलांडला.

तेव्हा पुरेसं किती एवढंच विचारून भागत नाही, किती वेगाने तेही विचारायला लागतं.

---

उंटावरचा

@धंदेवाईक वेगाचा मुद्दा मान्य, पण ‘वेतन वाढलं की नोकऱ्या जातात’ हे एवढं सरळ असतं तर डेव्हिड कार्ड यांना २०२१ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं नसतं. १९९२ मध्ये न्यू जर्सीने दर ४.२५ वरून ५.०५ डॉलर केला, शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने नाही केला. कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी सीमेच्या दोन्ही बाजूंची फास्ट फूडची दुकानं तपासली आणि न्यू जर्सीत रोजगार घटल्याचं दिसलंच नाही. त्यावर आजही भांडणं चालू आहेत, न्यूमार्क आणि वॉशर यांनी पगारपत्रकं घेऊन उलटा निष्कर्ष काढला, मग पुन्हा उत्तर, पुन्हा प्रत्युत्तर.

मला यातलं खरं स्पष्टीकरण जे वाटतं ते मालकाच्या ताकदीचं. परिसरात नोकरी देणारे दोन-तीनच असले आणि कामगाराला दुसरीकडे जाणं परवडत नसलं तर मालक मुळातच कामाच्या मोलापेक्षा कमी देत असतो. तिथे दर थोडा वर नेला तर नोकरी जात नाही, मालकाचा मधला मलिदा कमी होतो. पण मलिदा संपल्यावरही रेटत राहिलात की मग सामोआ. आणि हा मलिदा किती आहे ते प्रत्येक देशात, प्रत्येक धंद्यात वेगळं. जर्मनीत २०१५ नंतर डस्टमन आणि सहकाऱ्यांनी बघितलं तर कमी पगारवाल्यांपैकी काही लोक लहान, कमी उत्पादक कंपन्या सोडून मोठ्या, जास्त पगार देणाऱ्या कंपन्यांत गेले, एकूण रोजगार फारसा ढळला नाही. अर्थात जर्मनीत जायला दुसरी कंपनी होती. सामोआत कुठे जाणार?

---

आकडेमोड

जबरदस्त माहिती, धन्यवाद सगळ्यांना. टक्केवारी एकटी चालणार नाही हे लक्षात आलं. पण माझा दुसरा मुद्दा कुणी घेतलाच नाही. राजकारण बाहेर काढायचं कसं? आणि स्वीडन-डेन्मार्कचं काय, कायद्याविना त्यांचं कसं चालतं, आणि मग डेन्मार्कला युरोपच्या डायरेक्टिव्हचा एवढा राग का?

---

प्राजक्त

डेन्मार्कचं सोपं आहे. तिथे दर ठरतो कामगार युनियन आणि मालक संघटना यांच्या करारात, धंद्यागणिक वेगळा, आणि बहुसंख्य कामगार अशा कराराखाली येतात. स्वीडन, फिनलंड, ऑस्ट्रिया, इटली यांच्याकडेही देशभराचं कायद्याचं किमान वेतन नाही. या कामगार युनियनना भीती अशी की एकदा सरकारने आकडा जाहीर केला की मालक टेबलावर बसून म्हणणार, कायद्याने एवढंच आहे, घ्यायचं तर घ्या. म्हणजे तळ म्हणून दिलेली गोष्ट छत होऊन बसणार. डायरेक्टिव्हने त्यांच्यावर कायदा लादलेला नाहीये हे खरं, पण ब्रुसेल्सने (म्हणजे युरोपियन युनियनने) एकदा बोट शिरवलं की हात शिरायला वेळ लागत नाही असं त्यांना वाटतं. तसं बघितलं तर डायरेक्टिव्हमधला सगळ्यात कामाचा भाग मला ६० टक्के वाटत नाही, करारांखाली ८० टक्क्यांहून कमी कामगार असतील त्या देशाने ते वाढवायचा कृती आराखडा द्यावा ही अट वाटते. त्यावर कुणी बोलत नाही कारण त्याची हेडलाईन होत नाही.

राजकारण बाहेर काढण्याबद्दल, ब्रिटनने १९९९ मध्ये किमान वेतन सुरू करण्याआधीच लो पे कमिशन नेमलं. नऊ माणसं, तीन मालकांकडची, तीन कामगारांकडची, तीन तटस्थ. त्यांनी शिफारस करायची, सरकार बहुतेक वेळा मानतं. सुरुवात अगदी बेताची, ३.६० पौंड, कारण सगळे घाबरलेले. काही बुडालं नाही म्हटल्यावर हळूहळू वर. पण मध्यकाच्या दोन-तृतीयांशपर्यंत न्यायचं हे लक्ष्य सरकारनेच दिलं, कमिशनने नाही. जर्मनीतही कमिशन आहे, तरी २०२२ मध्ये १२ युरो केले ते थेट संसदेने कायदा करून, कमिशनला बाजूला ठेवून, कारण तसं निवडणुकीत वचन दिलेलं. राजकारण बाहेर जात नाही हो, फार तर त्याला रांगेत उभं करता येतं. आणि का जावं? पगारातला कुणाचा वाटा किती हा राजकारणाचा प्रश्न नाही तर कशाचा?

अवांतर: फॉर्म्युल्याने आपोआप वाढवण्यात एक भलताच सापळा असतो. मेक्सिकोत दंड, फी, कर्जाचे हप्ते, सगळं ‘इतके इतके किमान वेतन’ अशा भाषेत लिहिलेलं. किमान वेतन वाढवलं की हे सगळं आपोआप वाढणार, म्हणून सरकारं दशकानुदशकं ते दाबून बसली, सत्तरच्या दशकातली किंमत दोन-तृतीयांशाहून जास्त झिजली. २०१६ मध्ये घटना दुरुस्त करून दंडबिंड मोजायला वेगळं एकक काढलं तेव्हा कुठे हात मोकळे झाले. २०१८ ला दिवसाला ८८.३६ पेसो होते, २०२४ ला २४८.९३, आणि रोजगाराचं आकाश काही कोसळलं नाही. ब्राझीलमध्ये तो धागा अजून तुटलेला नाही, सरकारी पेन्शनचा तळ म्हणजेच किमान वेतन. कामगाराला एक रिआल वाढवला की तिजोरीतून लाखो म्हाताऱ्यांनाही एक रिआल जातो. चांगलंच आहे म्हणा, पण अर्थमंत्री मग कामगाराकडे बघून आकडा ठरवत नाही, बजेटकडे बघून ठरवतो.

---

रिकामटेकडी

आणि ज्यांनी आकडा ठरवून विसरून टाकला त्यांचं? युगांडात १९८४ मध्ये महिन्याला ६,००० शिलिंग ठरवले, कायद्याने अजून तेच. आजच्या भावात दोन डॉलरसुद्धा नाहीत. महिन्याचे!! तिथे ‘किमान वेतन आहे का’ या रकान्यात ‘हो’ लिहिणार ना तुमचे अभ्यासक?

---

धंदेवाईक

@रिकामटेकडी हा मुद्दा मात्र बिनतोड.

मला अजून एक खटकतं ते म्हणजे सगळा हिशोब तासावर किंवा महिन्यावर. नगावर मजुरी असेल तिथे काय? शंभर नगांना अमुक पैसे म्हणायचं आणि शंभर नग बारा तासांत होतील असा कोटा ठेवायचा, कागदावर किमान वेतन पाळलेलं. हे कुठल्या देशाने नीट पकडलंय का?

---

प्राजक्त

ब्रिटनचा नियम बऱ्यापैकी आहे. मालकाने आधी कामगारांवर चाचणी घेऊन तासाला सरासरी किती नग होतात ते काढायचं, मग त्या आकड्याला १.२ ने भागायचं आणि त्यावर दर बसवायचा. म्हणजे सरासरीपेक्षा थोडा हळू हात असलेल्यालाही तासाचं किमान वेतन सुटतं, सरासरीवाल्याला त्याच्यावर २० टक्के. चाचणी न घेता मनाने दर लावला तर सगळे तास मोजून पूर्ण वेतन द्यायचं.

हल्ली खरी मारामारी ॲपवाल्यांची आहे, कारण तिथे नग म्हणजे एक फेरी किंवा एक डिलिव्हरी आणि मधला ताटकळण्याचा वेळ कुणाच्या खात्यावर हा वाद. ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरच्या खटल्यात सांगितलं की चालक आपल्या हद्दीत ॲप चालू ठेवून फेरी घ्यायला तयार असेल तर तो सगळा वेळ कामाचाच. न्यूयॉर्क शहराने २०२३ मध्ये डिलिव्हरीवाल्यांना ताशी १७.९६ डॉलर ठरवले ते ताटकळण्याचा वेळ धरूनच. त्यावर काही ॲपनी काय केलं तर टिप द्यायचं बटण ऑर्डर दिल्यानंतरच दिसेल असं करून टाकलं.